हिरड्या शिवशिवतात तेव्हा

बाळाचा पहिला दात बहुतेक घरांत डोळ्यांना दिसण्याआधी कानांना कळतो. नाचणीच्या सत्त्वाचा चमचा तोंडात जातो आणि 'टिक्' असा बारीक आवाज येतो. मग आजीला हाक जाते, आजी हात धुऊन खालच्या हिरडीवरून बोट फिरवते, बोटाला काहीतरी धारदार लागतं आणि नातेवाइकांना फोन सुरू होतात. या आनंदाच्या आधी मात्र काही दिवस, आणि त्याहून जास्त काही रात्री, घर जेरीला आलेलं असतं. बाळ मूठ तोंडात कोंबतं, आईच्या खांद्यावरची ओढणी चावतं, घेतलं तरी किरकिर, खाली ठेवलं तरी किरकिर. आई-बाबांनो, त्या दिवसांबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे.

मी लहान मुलांची डॉक्टर आहे. 'बाळाला दात येतायत, काहीतरी द्या ना,' हे वाक्य दवाखान्यात सतत कानावर पडतं आणि त्यामागचं जागरणही चेहऱ्यावर दिसतं. त्या 'काहीतरी'ची ट्यूब किंवा पुडी मी देत नाही. दाताच्या दुखण्याला जे लागतं ते जवळपास सगळं तुमच्या घरात आहे. आणि ज्या दुखण्यांना खरोखर डॉक्टर लागतो, ती मात्र दाताच्या नावावर खपतात आणि दवाखान्यात उशिरा पोचतात. या दोन्ही गोष्टी मला सांगायच्या आहेत, दुसरी जरा जास्त कळकळीने.

आधी हिरडीच्या आत काय चाललेलं असतं ते पाहू. दुधाच्या दातांचे कोंब आईच्या पोटातच धरतात आणि गरोदरपणाच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास त्यांवर कॅल्शियमचा थर चढू लागतो. जन्मलेल्या बाळाचं बोळकं रिकामं दिसलं तरी हिरड्यांखाली वीसही दात घडत असतात. सहाव्या महिन्याच्या आसपास खालचे मधले दोन डोकं वर काढतात, मग वरचे दोन, मग त्यांच्या शेजारचे. वर्ष-सव्वा वर्षानंतर पहिल्या दाढा, दीड वर्षाच्या आगेमागे सुळे आणि अडीच वर्षांच्या सुमारास मागच्या दाढा. पहिला दात चौथ्या महिन्यात आला तरी ठीक, बाराव्या महिन्यात आला तरी ठीक. शेजारच्या बाळाशी तुलना करण्यापेक्षा दोन्हीकडच्या आज्यांना विचारा. आई-बाबांचे दात उशिरा आले असतील तर बाळाचेही बऱ्याचदा उशिराच येतात.

दात हिरडी फाडून बाहेर येतो, असं आपण समजतो आणि ते चित्र डोळ्यांसमोर आणून कासावीस होतो. प्रत्यक्षात दाताभोवतीचं आवरण वरचं हाड आणि हिरडीचं मांस हळूहळू विरघळवून त्याला वाट करून देतं. या कामात हिरडी सुजते, लाल होते, ठणकते. बाहेरून दाब पडला की ठणका थोडा कमी होतो, म्हणून तर बाळ दिसेल ते चावत सुटतं. आपला पहिला उपाय त्यानेच आपल्याला दाखवलेला असतो.

हे दुखणं किती दिवसांचं? अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी याचा नीट माग काढला. १२५ बाळांच्या आई-बाबांनी रोजच्या रोज ताप, लाळ, झोप, चिडचिड, जुलाब अशी नोंद ठेवली आणि त्या काळात ४७५ दात आले. २००० साली छापलेल्या या अभ्यासात त्रासाचा काळ आठ दिवसांचा निघाला: दात दिसण्याआधीचे चार दिवस, दिसला तो दिवस आणि नंतरचे तीन. चावणं, लाळ गळणं, हिरड्या चोळणं, चिडचिड, कान ओढणं, घन आहार नकोसा होणं, अंग किंचित कोमट लागणं, अशी सौम्य लक्षणं त्या काळात वाढलेली दिसली. त्यातलं कुठलंही एक लक्षण ३५ टक्क्यांहून जास्त बाळांत नव्हतं. म्हणजे पुष्कळ बाळांना दात येतात ते घरात कुणाला कळतही नाही. बाळ महिनाभर रोज रात्री रडत असेल, तर ते एका दाताचं काम नव्हे. कारण दुसरीकडे शोधायला हवं.

लाळेचंही तसंच आहे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लाळ गळू लागली की 'आता दात येणार' असं घरात जाहीर होतं. त्या वयात लाळेच्या ग्रंथी जोमाने काम करू लागतात आणि बाळाला ती लाळ गिळायची सवय अजून लागलेली नसते. दात त्यानंतर कित्येक आठवड्यांनीही येऊ शकतो.

आता घरच्या उपायांकडे वळू.

पहिला उपाय तुमचं बोट. नखं कापलेली, हात साबणाने धुतलेले. बाळाला मांडीवर अर्धवट बसवा, डोकं तुमच्या कोपराच्या खळगीत येऊ द्या आणि तर्जनीच्या पेराने सुजलेल्या जागी अलगद दाब द्या. घासू नका. दाबा, क्षणभर थांबा, सोडा, पुन्हा दाबा. पहिल्यांदा बाळ तोंड फिरवेल, मग स्वतःच हिरडीने बोट पकडून चावत बसेल. चावू द्या. दोन मिनिटांनी त्याच्या खांद्यांतला ताण सैल पडलेला तुम्हाला जाणवेल. दूध पाजण्याआधी असं केलं तर बाळ शांतपणे पितं, कारण चोखताना हिरडीकडे रक्त धावतं आणि ठणका वाढतो. भुकेलं असूनही काही बाळं त्याच कारणाने दूध तोंडातून सोडून रडतात.

दुसरा उपाय गार ओलं फडकं. मऊ मलमलचे किंवा जुन्या सुती धोतराचे हातरुमालाएवढे चार-पाच तुकडे करा, काठ शिवून घ्या म्हणजे दोरे सुटणार नाहीत, उकळून उन्हात वाळवा. लागेल तेव्हा एका तुकड्याचं एक टोक उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवा, घट्ट पिळा, त्याला एक सैल गाठ मारा आणि झाकणाच्या स्वच्छ डब्यात घालून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. दुसरं टोक कोरडंच असू द्या, म्हणजे बाळाला मुठीत धरता येईल. त्या गाठीचा खरखरीत गारवा हिरडीला फार सुखावतो. फ्रिज नसेल तर माठात ठेवलेलं उकळलेलं पाणी घ्या, तेवढा गारवाही पुरतो. एकदा चघळलेलं फडकं पुन्हा डब्यात टाकायचं नाही, ते धुण्यात जाऊ द्या.

याच रीतीने स्टीलचा लहान चमचा गार करून त्याची पाठ हिरडीवर टेकवता येते. दात वर आल्यावर मात्र चमचा नको, चावताना नव्या दाताला इजा होते. विकतचा टीथर घ्यायचा असेल तर एकसंध रबराचा किंवा सिलिकॉनचा, आत पाणी न भरलेला घ्या. आणि एक गोष्ट घट्ट धरा: फ्रिज चालेल, फ्रीझर नको. बर्फासारखी कडक झालेली वस्तू आधीच सुजलेल्या हिरडीला चटका देते. बर्फाचा खडा तर बाळाच्या तोंडात कधीच देऊ नये.

बाळाचं उष्टावण झालं असेल, म्हणजे सहा महिने पूर्ण झाले असतील, तर गार दही, गार केलेला कुस्करलेला चिकू किंवा केळं द्या. 'दह्याने सर्दी होईल,' असं कुणीतरी म्हणेलच. सर्दी विषाणूंमुळे होते. वाटीभर ताज्या दह्याने होत नाही. दोन-तीन दिवस बाळ घास नको म्हणालं आणि नुसत्या दुधावर राहिलं तरी जबरदस्ती करू नका. चघळायला खारीक, कच्चं गाजर किंवा भाकरीचा कडक पापुद्रा देण्याची पद्धत जुनी आहे, पण मला तिची भीती वाटते. दाताची धार आली की बाळ त्याचा तुकडा पाडतं आणि तो गिळण्याइतकी समज त्याला नसते. काहीही चघळायला दिलंत तर बाळ बसलेलं हवं आणि मोठ्या माणसाची नजर त्याच्यावर हवी. गाडीच्या मागच्या सीटवर नको, पाळण्यात तर नकोच.

अंगावर पाजणाऱ्या आईशी थोडं वेगळं बोलायचं आहे. बाळ चावतं तेव्हा डोळ्यांत पाणी येतं, आणि 'आता बंद कर' असा सल्ला लगेच मिळतो. बंद करू नका. बाळ नीट ओढत असतं तेव्हा त्याची जीभ खालच्या हिरडीवर पसरलेली असते, त्यामुळे त्या वेळी त्याला चावताच येत नाही. ते चावतं शेवटी, पोट भरून चाळा सुरू झाल्यावर. ओढण्याची लय मंदावली, नजर इकडेतिकडे जाऊ लागली की करंगळी त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवा आणि पकड सोडवून घ्या. चावलंच तर ओरडू नका, हिसका देऊ नका. काही बाळं एवढी दचकतात की पुढचे एक-दोन दिवस छातीला तोंड लावत नाहीत. शांतपणे काढा, 'नाही हं' म्हणा, थोड्या वेळाने पुन्हा घ्या. जखम झाली तर आपलंच दूध लावून वाऱ्यावर सुकू द्या.

लाळेने हनुवटी आणि गळ्याच्या वळ्या लाल होतात, पुरळ येतं. लाळेरं ओलं झालं की लगेच बदला, मऊ कापडाने टिपून घ्या, पुसू नका, आणि झोपण्याआधी खोबरेल तेलाचा किंवा व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. लाळेरं झोपताना काढून ठेवायचं.

बाळाच्या मनगटांकडेही एकदा बघा. मनगट्यांचे काळे-पांढरे मणी या वयात सारखे तोंडात जातात. दोरा लाळेने भिजतो, झिजतो आणि एक दिवस तुटतो. मणी श्वासनलिकेत अडकू शकतो. गळ्यातला काळा दोरा, ताईत, सोन्यात मढवलेलं वाघनख यांचीही तीच गोष्ट, आणि तिथे गळ्याला फास बसण्याचा धोका आणखी. परदेशांत दातांच्या दुखण्यावर म्हणून पिवळ्या अंबर मण्यांच्या माळा विकतात, आपल्याकडेही त्या ऑनलाइन मिळू लागल्या आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली या माळांविरुद्ध इशारा दिला. दीड वर्षाचं एक मूल दुपारी झोपलेलं असताना अशाच माळेने गळा आवळून दगावलं होतं. दृष्ट काढायची तर मीठ-मोहरी ओवाळून काढा, मी मोडता घालणार नाही. गळ्यात आणि मनगटात मात्र काही बांधू नका.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

एका पावसाळ्यात नऊ महिन्यांचं बाळ माझ्याकडे आणलं होतं. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे, टाळू आत गेलेली. रडत होतं, पण गालांवर थेंब नव्हता. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती सावकाश खाली बसत होती. पाच दिवस जुलाब होत होते आणि सकाळपासून लंगोट ओला झाला नव्हता. 'दातांचे जुलाब आहेत, दात आला की थांबतील,' असं घरात सगळ्यांनाच वाटत होतं. मी तोंड उघडून पाहिलं, तर खालच्या हिरडीत खरोखरच पांढरी रेघ दिसत होती. दात येत होता. जुलाबही होत होते. पण एकामुळे दुसरं होत नव्हतं. सलाईन लावलं, बाळ सावरलं, दोन दिवसांत खेळायला लागलं. आणखी एक रात्र घरी गेली असती तर काय झालं असतं, ते मी त्या आईला बोलून दाखवलं नाही. तुम्हाला मात्र सांगते: जुलाबांनी अंगातलं पाणी आटून बाळं दगावतात.

दात आणि जुलाब यांची गाठ पडते ती वयामुळे. आईकडून गर्भातच मिळालेली रोगप्रतिकारक द्रव्यं सहाव्या महिन्याच्या सुमारास ओसरत जातात. त्याच सुमारास उष्टावण होतं, वाटी-चमचा-पाणी यांतून जंतूंना वाट मिळते. बाळ रांगू लागतं आणि फरशीवरचं सगळं तोंडात घालतं. हिरड्या शिवशिवत असल्या तर जरा जास्तच. मग जुलाब होतात, ताप येतो, कान फुटतो, आणि त्याच दिवसांत एक दातही डोकावतो. दोष त्या बिचाऱ्या दाताच्या माथी जातो.

ही समजूत फक्त आपली आहे असंही नाही. १८३९ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये पाच हजारांवर मृत्यूंचं कारण 'दात येणं' असं सरकारी नोंदीत लिहिलं गेलं. आपल्याकडे वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही दात येणं हे सगळ्या रोगांचं कारण सांगितलं आहे. पण त्याच ग्रंथात पुढे असंही म्हटलं आहे की दात येताना होणाऱ्या त्रासात बाळाला उपचारांनी फार जखडू नये, दात आले की हे त्रास आपोआप शमतात. पहिलं मत आज टिकत नाही. दुसरं, निव्वळ हिरडीच्या त्रासापुरतं, मला आजही मनापासून पटतं.

तेव्हा काही गोष्टी दाताच्या खात्यावर मांडूच नका. काखेत थर्मामीटर लावल्यावर पारा १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला तर तो ताप आहे आणि त्याचं कारण शोधायला हवं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला एवढा ताप असेल तर रात्र असली तरी निघा. पातळ पाण्यासारखे जुलाब, उलट्या, अंगावर पुरळ, खोकला, धाप, ताप येऊन कान ओढत रडणं, यांतलं काहीही दात करत नाही. कान ओढण्याबद्दल विशेष सांगते, कारण दाढा येताना बाळ नुसतंही कान ओढतं. त्यासोबत ताप किंवा कानातून पाणी असेल तर कान तपासून घ्या.

जुलाब सुरू झाले की पहिल्याच दिवसापासून जलसंजीवनी द्या. अख्खं पाकीट, त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. बहुतेक मोठी पाकिटं एक लिटरची असतात. पाकीट थोडं थोडं वापरायचं नाही. दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. फळांच्या चवीचं, खोक्यात मिळणारं गोड पेय म्हणजे जलसंजीवनी नव्हे. आईचं दूध अजिबात थांबवू नका. सोबत झिंक १४ दिवस चालतं, त्याचं प्रमाण डॉक्टर सांगतील. अंगणवाडीत आणि आरोग्य केंद्रात दोन्ही विचारा. बाळ सुस्त पडलं, पिईनासं झालं, सहा तास लघवी नाही, शौचात रक्त दिसलं, तर घरी थांबायचं नाही.

हिरडीला काय लावू नये, हेही बोलून घेऊ. टाकणखाराची लाही मधात खलून हिरड्यांना चोळायची चाल आपल्याकडे अजून आहे. आजीने ती प्रेमानेच शिकलेली असते, म्हणून मी तिच्याशी वाद घालत नाही, तिला शेजारी बसवून सांगते. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. १९८३ साली ब्रिटनमधल्या वैद्यकीय मासिकात सात बाळांची हकिकत आली होती. त्यांची चोखणी रोज मध आणि टाकणखारात बुडवून दिली जायची, आणि त्या बाळांना झटके येत होते. ते देणं बंद केलं आणि झटके थांबले. मधाचा आणखी एक धोका आहे: त्यात असलेल्या जंतूंच्या बीजांपासून वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात विष तयार होऊन स्नायू लुळे पडू शकतात. एक वर्षापर्यंत मधाचं बोटही नको.

दुकानात हिरडी बधिर करणाऱ्या जेल मिळतात. त्यांतलं बेंझोकेन रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटवू शकतं, बाळ निळं पडतं. अमेरिकेत दोन वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये असं २०१८ साली बजावलं गेलं. लिडोकेन गिळलं गेलं तर झटके येऊ शकतात, हृदयावर परिणाम होतो. एवढं पत्करून मिळतं काय, तर लाळेबरोबर काही मिनिटांत वाहून जाणारा बधिरपणा. लवंगेचं तेल बाळाच्या कोवळ्या हिरडीला भाजतं. साबुदाण्यासारख्या पांढऱ्या 'दातांच्या गोळ्या' निरुपद्रवी मानल्या जातात, पण अशाच काही गोळ्यांत २०१७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाला बेलाडोना या विषारी वनस्पतीचं प्रमाण कमीजास्त आणि लेबलवर लिहिलेल्याहून जास्त सापडलं होतं. नायजेरियात २००८-०९ मध्ये दात येणाऱ्या बाळांसाठी विकलेल्या एका सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल निघालं आणि ८४ मुलं गेली. त्याच्याही आधी, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, ब्रिटनमध्ये बाळांना दाताची म्हणून जी पावडर देत, तिच्यात पारा असे. हात-पाय गुलाबी पडून सोलून निघण्याचा आजार त्यातूनच व्हायचा. १९५४ मध्ये त्या पावडरींतला पारा काढला आणि तो आजार जवळपास नाहीसा झाला. या साऱ्या औषधांची गिऱ्हाइकं तुमच्यासारखेच जागरणाने थकलेले, मायेचे आई-बाप होते.

मग औषध मुळीच द्यायचं नाही का? द्यायचं, कधीतरी. बोट, गार फडकं, मांडी सगळं झालं आणि तरी बाळ कळवळतंय, झोप लागत नाही, अशा एखाद्या रात्री पॅरासिटामॉलचा डोस जरूर द्यावा. पण बाटली दिव्याखाली धरून वाचा. आपल्याकडे थेंबांच्या छोट्या बाटलीत बहुधा १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं. सिरपच्या मोठ्या बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये फक्त २५. दुसऱ्या एका सिरपमध्ये ५ मिलिलिटरला २५०. डोस असतो वजनाच्या दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. सात किलोच्या बाळाला थेंबांतून जास्तीत जास्त १ मिलिलिटर, आणि १२५ च्या सिरपमधून ४ मिलिलिटर. 'मागच्या वेळी चार दिले होते' म्हणून कुणी थेंबांच्या बाटलीतून ४ मिलिलिटर दिलं, तर चौपट औषध पोटात जातं आणि ते यकृतावर बेततं. म्हणून डॉक्टरांकडून मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्ही कागदावर लिहून घ्या, तो कागद फ्रिजवर चिकटवा, बाटलीसोबत आलेल्या मापानेच द्या, स्वयंपाकघरातल्या चमच्याने नको. दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवा. एखाद-दोन डोसांपलीकडे गरज पडत असेल तर दुखणं दाताचं नाही असं समजून बाळाला दाखवून आणा. मोठ्यांच्या कपाटातली अॅस्पिरिन किंवा निमेसुलाइडची गोळी मोडून बाळाला कधीही देऊ नका. निमेसुलाइडला आपल्या देशात १२ वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून बंदी आहे.

काही किरकोळ शंका राहतात. हिरडीवर निळसर फुगा दिसला तर घाबरू नका, येणाऱ्या दातावर रक्त साठलेलं असतं, दात आला की तो जातो; सुईने टोचू नका. वरचे दात आधी आले तर मामाला जड, असं म्हणतात. दातांचा क्रम बाळागणिक बदलतो, मामाला त्याचं काही होत नाही. पण त्या समजुतीपायी सुनेला टोमणे ऐकावे लागतात, ते थांबले पाहिजेत. एखादं बाळ दात घेऊनच जन्मतं, तेही अपशकुनी नव्हे. दात हलत असेल तर मात्र लगेच दाखवा. पहिला वाढदिवस झाला आणि एकही दात नाही, तर तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगा. दीड वर्ष उलटलं तर थायरॉइड, ड जीवनसत्त्व वगैरे पाहून घ्यावं लागतं.

आणि बाबा, रात्रीची एक पाळी तुमची. बोटाने हिरडी दाबायला आईच लागते असं काही नाही. दिवसभर बाळ अंगावर वागवून तिचे खांदे भरून आलेले असतात. बाराच्या पुढे बाळ तुमच्या खांद्यावर घ्या, खोलीत अंधार ठेवा, मोबाइल नको. त्याच्या डोक्याला तुमची हनुवटी टेकवून गुणगुणलंत, तर आवाजाची थरथर त्याला जाणवते आणि ते निवतं. काहीच लागू पडलं नाही आणि तुमचाच तोल जाऊ लागला, तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवून पाच मिनिटं बाहेर जा. बाळाला रागाने गदागदा हलवू नये, त्याने मेंदूत रक्तस्राव होतो.

पहिला दात दिसला की त्या दिवसापासून घासणं सुरू करा. बाळांसाठीचा मऊ ब्रश, त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, सकाळी आणि रात्री झोपण्याआधी. रात्रीच्या घासण्यानंतर गोड दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवू नका, पुढचे दात किडतात. बाळ ब्रश पकडून चावत बसेल. त्याला चावायला एक वेगळा ब्रश हातात द्या आणि दुसऱ्याने तुम्ही घासा. पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास एकदा दातांच्या डॉक्टरांनाही दाखवून या.